पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला डबा

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका निवासी शाळेतून मला बोलावणे आले ते फेब्रुवारी महिन्यात. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. शाळेच्या गच्चीवर ३३० वॅटचे सौर पॅनेल, ज्याला गावात सगळे 'प्लेट' म्हणतात, ते बसवलेले होते. खाली अभ्यासिकेत आठ दिवे आणि तीन लहान पंखे. सगळ्यांची बेरीज केली तरी दीडशे वॅट पुरते भरत नव्हते. असे असून संध्याकाळी सहाला लावलेले दिवे नऊ वाजले की मान टाकीत. मुलांना अकरापर्यंत बसायचे असे.

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, दुकानदार म्हणतो बॅटऱ्या गेल्या. पण वर्षापूर्वीच तर लोकवर्गणीतून नव्या घेतल्या. आता पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं?"

मी गच्चीवर जाऊन पॅनेल पाहिले. स्वच्छ पुसलेले, दक्षिणेकडे तोंड, सावली कुठली नाही. बॅटऱ्या पाहिल्या, पाणी बरोबर होते. मग नजर गेली ती या दोहोंच्या मध्ये भिंतीवर टांगलेल्या तळहाताएवढ्या डब्याकडे. त्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. पॅनेल विकत घेताना आपण दहा ठिकाणी विचारपूस करतो, बॅटरी घेताना कंपनीचे नाव पाहतो. हा डबा मात्र दुकानदार देईल तो मुकाट्याने घेतो. आज आपण बोलणार आहोत ते या डब्याविषयी, कारण शाळेची चोरी तिथेच होत होती.

प्रथम असे विचारू, की मध्ये डबा हवाच कशाला? तर पॅनेल आणि बॅटरी यांचा विजेचा दाब, ज्याला आपण व्होल्टेज म्हणतो, तो सारखा नसतो. त्या शाळेतले पॅनेल ७२ घरांचे, म्हणजे त्यात सिलिकॉनच्या ७२ चकत्या एकापुढे एक जोडलेल्या. असे पॅनेल दुपारच्या उन्हात ३३ व्होल्टच्या आसपास आपले उत्तम काम करते. बॅटरी मात्र १२ व्होल्टची. चार्ज होताना ती चौदा-साडेचौदापर्यंत चढते, त्याच्यावर चढवणे बरे नाही. म्हणजे एकीकडे ३३ आणि दुसरीकडे १३. दाब बदलायचा झाला तर तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपल्या गावातली डीपी तेच करते. खरे आहे. डीपीमधला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घराजोगा करतो. पण ट्रान्सफॉर्मरला वीज लागते ती सतत दिशा पालटणारी, म्हणजे एसी. पॅनेलची आणि बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. ती ट्रान्सफॉर्मरला जोडली तर दाब तर बदलत नाहीच, उलट वेटोळे तापून जळते. म्हणून डीसीचा दाब बदलण्यासाठी निराळी युक्ती करावी लागते. तिला डीसी-डीसी कन्व्हर्टर असे नाव आहे, आणि तिचे दोन-चार प्रकार आहेत.

त्या प्रकारांकडे वळण्यापूर्वी पॅनेलचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तो बैलासारखा आहे. बैलाला मोकळे सोडले तर तो भरभर चालेल, पण काम काही होणार नाही. उलट त्याच्यामागे डोंगराएवढे ओझे लावले तर जीव खाऊन ओढील, पण जागचा हलणार नाही. तेव्हाही काम शून्य. मध्ये कुठेतरी एक ओझे असे असते की बैल बेताच्या चालीने चालतो, बेताची ओढ लावतो आणि दिवसाकाठी काम सर्वांत जास्त होते. पॅनेलच्या बाबतीत चाल म्हणजे व्होल्ट आणि ओढ म्हणजे अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. तारा मोकळ्या ठेवल्या तर व्होल्ट भरपूर, अँपिअर शून्य. तारा एकमेकींना टेकवल्या तर अँपिअर पुरेपूर, व्होल्ट शून्य. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एमपीपी म्हणतात. मराठीत आपण कमाल शक्तीचा बिंदू म्हणू.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. १० वॅटचे, ३६ घरांचे एक लहान पॅनेल घ्या. जुन्या विजेच्या शेगडीची १००० वॅटची कॉइल काढून घ्या, अर्थातच शेगडीचा घरच्या विजेशी काही संबंध न ठेवता. तिचा रोध सुमारे ५० ओहम असतो. पॅनेलची एक तार कॉइलच्या टोकाला बांधा, आणि दुसरी तार चिमट्याने कॉइलवर सरकवत न्या. प्रत्येक जागी व्होल्ट आणि अँपिअर मोजा आणि मुलांना गुणाकार करायला लावा. सुरुवातीला ३ व्होल्ट, ०.६ अँपिअर, म्हणजे जेमतेम दोन वॅट. कॉइलच्या निम्म्याच्या आगेमागे १७ व्होल्टच्या जवळपास गुणाकार सर्वांत मोठा. तिथून पुढे व्होल्ट वाढतात, पण अँपिअर ढासळतात आणि वॅट पुन्हा उतरू लागतात. पॅनेल तापलेले असेल तर आकडे थोडे खाली येतील, पण आलेखाचा डोंगर तोच दिसेल. वहीच्या पानावर हा डोंगर एकदा काढला की पुढचे सगळे सोपे आहे.

आता शाळेच्या डब्याकडे येऊ. स्वस्तातले जे कंट्रोलर मिळतात त्यांना पीडब्ल्यूएम म्हणतात. खरे तर तो कन्व्हर्टर नव्हेच. ते नुसते दार आहे. बॅटरी रिकामी असली की दार उघडे, भरत आली की भराभर उघडमीट करून प्रवाह कमी करायचा. दार उघडे असताना पॅनेल सरळ बॅटरीला भिडते, आणि बॅटरी त्याला ओढून आपल्या १३ व्होल्टवर आणते. म्हणजे बैलाची चाल ३३ वरून १३ वर आली. ओढ वाढली म्हणाल, तर पॅनेलची ओढ साडेआठ-नऊ अँपिअरच्या पुढे जातच नाही. साडेआठ गुणिले तेरा, किती झाले? ११० वॅट. पॅनेल त्या वेळी २८० वॅट द्यायला तयार होते. उरलेले १७० वॅट गेले कुठे? कुठेच नाही. ते बाहेरच पडले नाहीत; पॅनेलच्या अंगात उष्णता होऊन राहिले.

दिवसाला पाच तास पुरेपूर ऊन धरले, तर ११० वॅटचे साडेपाचशे वॅट-तास होतात. बॅटरीत घालताना-काढताना पाचवा हिस्सा जातो. राहिले ४४०. दिवे-पंखे मिळून १४७ वॅट, म्हणजे बरोबर तीन तास. सहाचे नऊ! दुकानदाराला वाटले तसा बॅटरीत दोष नव्हता. तिला पोटभर मिळतच नव्हते. आणि शिशाच्या बॅटरीचे असे आहे, की ती रोज अर्धपोटी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती खरोखरीच जाते. आधीची जोडी अशीच गेली असणार. लोकवर्गणी तिथे गेली.

तर मग खरा कन्व्हर्टर काय करतो? आपल्या कामाचा पहिला प्रकार म्हणजे दाब उतरवणारा. त्याला 'बक' म्हणतात. तो समजण्यासाठी विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन आठवा. त्याच्या सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच भडका उडतो, म्हणजे रेटा तुटक-तुटक मिळतो. तरी पट्टा मात्र एकसारखा ओढला जातो, कारण बाजूला ते जड चाक आहे. रेटा मिळाला की ते वेग साठवते, रेटा थांबला की साठवलेला वेग परत देते. विजेच्या मंडलात जड चाकाचे काम तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल करते. एकदा प्रवाह सुरू झाला की तो एकदम थांबू द्यायचा नाही, हा कॉइलचा हट्टच आहे.

बक मंडलात पॅनेल आणि कॉइल यांच्यामध्ये एक विजेचे दार असते, ते सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा उघडते आणि मिटते. शंभर भागांपैकी ४० भाग वेळ दार उघडे ठेवले, तर पलीकडे दाब शंभरातले ४० भाग दिसतो: ३३ चे झाले १३. इथवर कोणालाही पटेल. गंमत पुढे आहे. दार मिटल्यावर कॉइल आपला प्रवाह थांबवत नाही. डायोड नावाच्या एकमार्गी आडवाटेने ती तोच प्रवाह बॅटरीत फिरवत ठेवते, आणि त्या वेळात पॅनेलकडून काहीच घेत नाही. म्हणून बॅटरीला सगळा वेळ २० अँपिअर मिळतात, आणि पॅनेलकडून २० घेतले जातात ते फक्त ४० भाग वेळ, म्हणजे सरासरी आठ-साडेआठ. दाब उतरला आणि प्रवाह वाढला. सायकलच्या गिअरसारखे झाले. बैल आपल्या चालीने चालला आणि ओझे सावकाश पण दुप्पट-अडीचपट जोराने हलले. मध्ये शंभरातले चार-पाच भाग उष्णतेत जातात, तेवढी दस्तुरी द्यावी लागते.

पण पॅनेलला असे कधी वीस, कधी शून्य ओढलेले चालत नाही. म्हणून दाराच्या अलीकडे एक कपॅसिटर ठेवतात. तो म्हणजे रांजण: पॅनेलची धार त्यात अखंड पडते, आणि दार तांब्या भरभरून घेते. बक डब्यात सर्वांत आधी जीव सोडतो तो हा रांजणच. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा हिशोब आहे. तेव्हा डबा पत्र्याखाली वर चढवू नका. सावलीच्या भिंतीवर, चहूबाजूंनी हवा खेळेल असा लावा.

या दाराचे ४० भाग असावेत की ४५, हे कोण ठरवते? डब्यातला चिमुकला संगणक. आपण रेडिओचे बटण फिरवून स्टेशन लावतो तसेच तो करतो. थोडे इकडे फिरवतो, वॅट वाढले का पाहतो. वाढले तर आणखी तिकडेच, कमी झाले तर उलट. ढग आला, ऊन कलले, की पुन्हा शोध सुरू. याला एमपीपीटी म्हणतात, म्हणजे कमाल शक्तीच्या बिंदूचा माग काढणे. लक्षात घ्या, एमपीपीटी म्हणजे ती शोधण्याची अक्कल; बक म्हणजे ते काम करणारे हात. हात नसतील तर अक्कल काय करणार?

दुसरा प्रकार याच्या उलट, दाब चढवणारा. त्याचे नाव 'बूस्ट'. डोंगराळ भागात काहींनी जलाघाताचा पंप पाहिला असेल. त्याला ना इंजिन ना वीज. ओढ्याचे पाणी उतारावरच्या नळातून वेगाने येते, खालची झडप एकदम मिटते, आणि धावत्या पाण्याला थांबता येत नाही म्हणून त्यातले थोडे पाणी एकमार्गी झडपेतून ओढ्यापेक्षा कितीतरी उंच चढते. फ्रान्समधल्या माँगोल्फिए यांनी १७९६ साली आपोआप चालणारा असा पंप केला. कापडाचा आणि कागदाचा फुगा आकाशात उडवणाऱ्या दोघा भावांपैकी हे एक. बूस्ट मंडल म्हणजे विजेतला हाच पंप. इथे कॉइल पॅनेलला लागूनच असते. दार उघडले की प्रवाह कॉइलमधून धावू लागतो, दार मिटले की त्याला वाट उरते ती फक्त डायोडमधून वरच्या दाबाकडे. पाणी उंच चढले पण थोडेच चढले. तसेच व्होल्ट वाढले की अँपिअर त्याच प्रमाणात घटतात. ३३ चे ५४ केले तर साडेआठचे पाचच राहतात. फुकट काही नाही.

हे दोन्ही प्रकार तुमच्या घरात आधीच आहेत. ट्रॅक्टरवर मोबाइल चार्ज करायला जी खुंटी लावता ती १२ व्होल्टचे ५ करते, ती बक. आणि खिशातली पॉवर बँक आतल्या ३.७ व्होल्टच्या घरातून ५ व्होल्ट काढते, ती बूस्ट.

मग पॅनेलसाठी कोणता घ्यायचा? पॅनेलचा दाब बॅटरीपेक्षा बराच जास्त असेल तर बक, कमी असेल तर बूस्ट. शाळेसारखी, घरातल्या दिव्यांची, बहुतेक सारी कामे बकची. बूस्ट लागतो तो ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची ई-रिक्षा टपावरच्या एकाच पॅनेलने भरायची असेल तेव्हा. चारऐवजी एका पॅनेलवर भागवायचे, पण दाब मात्र हवा, अशी ती गरज आहे. शेतावरच्या सौर पंपात तर बहुधा बॅटरीच नसते. पॅनेले एकापुढे एक ओळीने जोडून दाब आधीच चढवलेला असतो आणि कंट्रोलर तो मोटरीला देतो. तो निराळा विषय आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

दोहोंचे दोषही वेगवेगळे आहेत, आणि ते कामाला लावणाऱ्याने जाणले पाहिजेत. बकचे दार बिघडून उघडेच राहिले तर पॅनेलचा सगळा प्रवाह बेलगाम बॅटरीत जातो. बॅटरी भरली तरी थांबत नाही, ती उकळते, पाणी आटते. बूस्टचे दुखणे याहून वेगळे. त्याचे दार मिटले तरी कॉइल आणि डायोड यांतून पॅनेलपासून बॅटरीपर्यंत वाट उघडीच असते. चुकून कमी दाबाची बॅटरी लावली तर डबा तिला अडवूच शकत नाही. शिवाय बूस्ट चालू असताना बॅटरीची तार निसटली, तर चढवलेल्या दाबाला जायला जागा नसते. चांगल्या डब्यात त्याला लगाम असतो, स्वस्तात कपॅसिटर फुटल्याचा आवाज ऐकू येतो. म्हणून दोन्ही प्रकारांत एक शिस्त ठेवा: जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. ही शिस्त मुलांकडून डब्याखाली मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

आणखी एक प्रकार आहे, तो चढवतोही आणि उतरवतोही. साधा 'बक-बूस्ट' एक कॉइल वापरून हे करतो, पण अधिक-उणे उलटे होतात, ते सांभाळावे लागते. कॅलिफोर्नियातल्या स्लोबोदान चुक यांनी १९७० च्या दशकात काढलेले मंडल दोन कॉइल वापरून दोन्हीकडचा प्रवाह अखंड ठेवते. अधिक-उणे मात्र तिथेही उलटेच. त्याच सुमारास निघालेले 'सेपिक' नावाचे मंडल ते सरळ ठेवते. चार दारांचेही एक आहे. विद्वानांच्या निबंधांत या मंडळींचे फार कौतुक असते, आणि कारणही खरे आहे: ऊन कितीही बदलो, ते पॅनेलच्या डोंगराच्या कुठल्याही बाजूने शिखर गाठू शकतात. एकट्या बकला किंवा एकट्या बूस्टला डोंगराची एकच बाजू जमते. पण भाग जास्त, दस्तुरी जास्त, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा सापडेल तर शपथ. माझे मत विचाराल तर दिव्यांच्या आणि पंख्यांच्या कामी त्यांच्या नादी लागू नये. बॅटरी साडेदहापासून चौदापर्यंत हेलकावे खात असताना एखाद्या नाजूक यंत्राला बरोबर १२ च व्होल्ट हवे असतील, तिथे सेपिक शोभतो.

इथे एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, ती मी सांगतो. महाग डबा प्रत्येक ठिकाणी फायद्याचा नसतो. समजा तुमचे पॅनेल ३६ घरांचे आहे, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच केलेले. पाटीवर १८ व्होल्ट लिहिलेले असतात, पण ते २५ अंश तापमानाचे. चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात पॅनेलचे अंग ६५ अंशांपर्यंत तापते, आणि तापले की सिलिकॉनचा दाब उतरतो. १८ चे पंधराच्या खाली येतात. बॅटरीला चौदा-साडेचौदा हवेत. आता बकने उतरवायचे काय? जिथे उतारच नाही तिथे गिअर बदलून काय मिळणार? अशा ठिकाणी साधे पीडब्ल्यूएम घ्या आणि उरलेल्या पैशांची जाड तार घ्या. थंडीत उलट होते. निफाडला पारा ५ अंशांवर आला की पॅनेलचा मोकळा दाब पाटीपेक्षा शंभरात सहा भागांनी चढतो. मोकळ्या ताऱ्यांवर ४८ व्होल्ट दाखवणारी दोन पॅनेले ओळीने जोडली, तर पाटीप्रमाणे ९६, पण पहाटेच्या पहिल्या उन्हात १०० च्या वर. डब्याची मर्यादा १०० ची असेल तर त्या सकाळी तो गेलाच. डबा घेताना पाटीवरचे आकडे थंडीच्या हिशोबाने पाहा, आणि थोडी जागा सोडा.

तर शाळेच्या डब्यावर काय लिहिले होते? सोनेरी अक्षरांत 'एमपीपीटी'. आणि मी तर म्हणतो आहे की ते नुसते दार होते. कसे ओळखले? उपाय अगदी सोपा आहे. डीसी मोजणारा चिमटा मीटर घ्यायचा, वायरमनकडे मिळतो. सगळे चिमटे डीसी मोजत नाहीत, एवढे विचारून घ्या. भर दुपारी, बॅटरी रिकामी असताना, आधी पॅनेलच्या तारेला लावायचा, मग बॅटरीच्या तारेला. शाळेत पॅनेलच्या तारेवर साडेआठ अँपिअर, आणि बॅटरीच्या तारेवरही साडेआठ. खरा बक असता तर पलीकडे २० दिसले असते. जेवढे आले तेवढेच गेले, म्हणजे मध्ये गिअर नाही. मग झाकण उघडले. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे औषधालाही नव्हते. कॉइल नाही तर कन्व्हर्टर नाही, हे आपण आताच पाहिले. डबा हातात घेऊनसुद्धा शंका यावी असा हलका होता. २० अँपिअरचा खरा डबा लोखंडासारखा जड लागतो, कारण आत कॉइल आणि मागे ॲल्युमिनियमची जाड पाठ असते.

मुख्याध्यापक म्हणाले, "मग खरा मागवू का?" मागवला असता तर काम झाले असतेच. पण वर्गणीचा प्रश्न होता, म्हणून मी बॅटऱ्यांकडे पुन्हा पाहिले. दोन होत्या, १२ व्होल्टच्या, शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडलेल्या. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जातीच्या. त्या एकापुढे एक जोडल्या की २४ व्होल्ट होतात. आणि त्या सोनेरी डब्याला १२ चालत होते तसे २४ ही चालत होते; तेवढे खरे लिहिले होते. पॅनेलचा मोकळा दाब ४६, डब्याची मर्यादा ५० ची; तेही बसत होते. दार तेच, ओढ तीच साडेआठ अँपिअरची, पण आता चाल १३ ऐवजी २६. गुणाकार २२१ वॅट. खऱ्या बकने २६५ च्या आसपास मिळाले असते. शंभरातले त्र्याऐंशी भाग केवळ एक तार काढून दुसरीकडे लावल्याने मिळत होते.

अडचण एकच, दिवे आणि पंखे १२ व्होल्टचे. त्यासाठी मात्र बक घेतला, पण तो दुसऱ्या बाजूला, बॅटरी आणि दिवे यांच्यामध्ये. मालट्रकमध्ये २४ व्होल्टच्या बॅटरीवर १२ व्होल्टचा टेप चालवण्यासाठी जो कन्व्हर्टर बसवतात, तोच, २० अँपिअरचा. ट्रकचे वायरिंग करणाऱ्याकडे कुठल्याही मोठ्या नाक्यावर तो मिळतो, आणि त्याच्या किमतीत खरा एमपीपीटी येत नाही. आता पाच तासांचे अकराशे वॅट-तास, बॅटरीचा वाटा जाऊन ८८०, आणि दिव्यांना कन्व्हर्टरच्या दस्तुरीसह पाच तासांना लागतात आठशे. ढगाळ दिवशी ओढाताण होईल, हे मी तेव्हाच सांगून ठेवले.

जोडणी केली तेव्हा दहावीची मुले भोवती उभी होती. आधी पॅनेल सोडवले, मग बॅटरी. मग उलट क्रमाने जोडले. एका मुलाने चिमटा लावून पाहिला आणि हिरमुसून म्हणाला, "सर, पुन्हा साडेआठच!" मी त्याला व्होल्टमीटर दिला आणि गुणाकार कर म्हटले.

महिन्याभराने गुरुजींचा फोन आला. दिवे अकरापर्यंत टिकत होते. तक्रार एवढीच, की संध्याकाळी मध्यम लहरींवर रेडिओ लावला की खरखर येते. ती त्या ट्रकच्या कन्व्हर्टरची. त्याचे दार सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करते, ते रेडिओला ऐकू येते. कन्व्हर्टर पलीकडच्या कोठीत हलवा, त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्या, आणि रेडिओ खिडकीत ठेवा, असे मी त्यांना सांगितले.